कार्डांच्या पेटीचं पहिलं पान

नाटकात भुताची कामं मी पुष्कळ केली. तोंडाला सफेता फासायचा, हिरवा दिवा पडला की हळूच यायचं. पुढच्या रांगेतली पोरं किंचाळायची. पण खरं भूत भेटलेलं माणूस मी एकच पाहिलं : भवानी पेठेत माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी दाक्षायणी.

१९७५ साली ती एका गिरणीच्या कॉम्प्युटर विभागात होती. तेव्हा प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांची पेटी. पेटीसोबत मुंबईहून एक पुस्तिका यायची. पहिल्या पानावर कंपनीचं नाव, यंत्राची ताकद, कुणाकुणाचे आभार. प्रोग्राम करतो काय, ते चौदाव्या पानावर, बारीक टायपात.

मार्चमध्ये हजेरीची यादी छापायची म्हणून तिनं एक पेटी चालवली. यादी छापली. पण महिनाभर गैरहजर असलेल्यांची नावंही त्याच पेटीनं काढून टाकली. त्यात ज्ञानबा होता, सांगोल्याकडचा धनगर, मागावर काम करणारा. टायफॉइडनं गावी पडून होता. परतला तर गेटवरचा पहारेकरी म्हणाला, "तुजं नाव न्हाय."

"आरं, मी हाय की हितं उभा!"

"तू हाईस. यादीत न्हाईस."

दुरुस्तीला अठरा दिवस लागले. ज्ञानबा रोज पहिल्या भोंग्याला येऊन कडुलिंबाखाली उभा राहायचा. "बसलो तर सायबाला दिसणार न्हाय," म्हणायचा. आधीच आजारानं खंगलेला. अठराव्या दिवशी उन्हानं कोसळला, तो उठलाच नाही. दुरुस्तीचा कागद त्याच दुपारी आला.

तेव्हापासून तो दाक्षायणीला दिसू लागला. "काका, त्या कडुलिंबाखालीच उभे असतात. बोलत काही नाहीत."

वर्षभरानं नवी पेटी आली. सोमवारी चालवायची, असा साहेबांचा हुकूम. दाक्षायणीनं चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ती पुस्तिका अक्षरन् अक्षर वाचली आणि माझ्याकडे आली. "काका, नाटकात सूत्रधार आधी येऊन सांगतो ना, काय बघायला मिळणार ते? तसं पान पाहिजे."

मी म्हटलं, "सूत्रधार आभार मानत बसला तर लोक शेंगांची टरफलं फेकतात, पोरी. पहिल्या वाक्यातच सांगून टाक."

तिनं लिहिलं : 'ही पेटी साठ दिवस गैरहजर असलेल्या कामगारांची नावं कायमची काढते. आधी ती नावं मुकादमाला दाखवा. गेलेलं नाव यंत्रातून परत येत नाही.'

सोमवारी ते पान तिनं पेटीवर चिकटवलं.

"हे काय नाटक?" साहेब म्हणाले. "तुला कार्डं घालायला ठेवलंय, लिहायला नाही."

"मग कार्डं दुसऱ्या कुणाकडून घालून घ्या, साहेब. मी घालणार नाही."

नोकरी जाणार, असंच तिला वाटलं. साहेबांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. "कायमची?" त्यांनी विचारलं. मग शिपायाला म्हणाले, "मानसिंग मुकादमाला बोलाव."

मुकादमाच्या वहीत साठ दिवस गैरहजर अशी अकरा नावं निघाली. चौघे दवाखान्यात होते. फुलाबाई बाळंतपणाला माहेरी गेली होती. त्या दिवशी पेटी उघडलीच नाही.

संध्याकाळी दाक्षायणी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"आज दिसले?" मी विचारलं.

"दिसले."

"उभे?"



"नाही, काका. आज बसले होते."