दौलताबादच्या पेरूबागेत पडलेला लाव्हा

आमच्या प्रयोगशाळेचा अहवाल टपालानंही पाठवता आला असता. पण रझियाआपांनी दगडाचा नखाएवढा तुकडा पाठवताना सोबत लिहिलं होतं, ‘जे असंल ते खरं सांगा.’ असं खरं समोर बसूनच सांगावं, म्हणून शनिवारी सकाळी मी पुण्याहून एसटीत बसले.

दुपारी दौलताबादजवळच्या शहरात, गारखेडा भागात मैत्रिणीकडे बॅग टाकली, जुन्या शहरात नान आणि मटणाचा झणझणीत खलिया खाल्ला (पोट रिकामं ठेवून जा) आणि दौलताबादची बस धरली. अर्ध्याएक तासात किल्ल्याचा काळा डोंगर खिडकीत आला. थिजलेला लाव्हाच तो. कलत्या उन्हात तो आतून अजून कोमट असावा, असं उगाच वाटत राहिलं.

रझियाआपा निवृत्त शिक्षिका, घर पेरूच्या बागेत. दगड त्यांनी जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवला होता. नारळाएवढा, वरून काळा, चकचकीत.

“अब्बांच्या समोर पडला हा, भरदुपारी,” त्या म्हणाल्या. “गावानं मानलं नाय. म्हणायचे, डोंगराचाच तुकडा हाय.”

“डोंगरासारखा दिसतो खरा. हाही लाव्हाच आहे.”

त्यांचा चेहरा उतरला. मी घाईनं पुढं बोलले. “पण इथला नाही. इथल्या दगडात लोहाच्या मानानं जेवढं मँगनीज असतं, त्याहून यात बरंच जास्त आहे. हा एका लघुग्रहावरचा. पृथ्वी पुरती घडलीही नव्हती, तेव्हा तो लघुग्रह आतून वितळला. लोखंड गाभ्यात बुडालं आणि वर असा लाव्हा पसरला.”

“एवढ्याशा गोळ्यात आग कुठून आली?”

“तेव्हाच्या धुळीत किरणोत्सारी ॲल्युमिनियम होतं. त्याची ऊब. ते सरलं आणि गोळा निवला.”

आपा दगडावर तळवा ठेवून बसून राहिल्या. बाहेर पोपट पेरू कुरतडत होते. ती कोट्यवधी वर्षांपूर्वीची ऊब त्या चाचपत असाव्यात, असं मला वाटलं.

“मी शाळेत शिकत असताना पोरी या दगडावरनं लई हसायच्या,” त्या हळूच म्हणाल्या. “एकदा मीच अब्बांना म्हणाले, आता पुरे करा. त्यानंतर त्यांनी कधीच विषय काढला नाय.”

आपांनी पेरू कापला, मीठ लावून माझ्या हातात दिला.

किल्ला चढायचा राहिला, पण त्याची रुखरुख नाही. सोमवारी पुण्यात अहवालाची पक्की प्रत काढली. ‘दगड पडताना कोणी पाहिला’ या रकान्यात अब्बांचं नाव लिहिलं, ‘शेख करीम, पेरू बागायतदार, दौलताबाद’. फोनवर आपांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली.