व्याख्यान साडेपाचला, चव पावणेसातला

चिवड्याचा डबा रिकामा होत आला की तळाशी दाणे आणि खोबऱ्याचे काप साठलेले सापडतात. आमच्या मंडळाच्या व्याख्यानांचं तसंच आहे. व्याख्यानं संपतात, विसरली जातात; तळाशी किस्से साठतात. मी या मंडळात आले त्याला जेमतेम दीड वर्ष झालं, पण डबा भरलाय.

मी स्कॉटलंडमध्ये खाद्य-इतिहास शिकून नाशिकला परतले, तेव्हा माझ्या मनात एक चित्र होतं. शांत सभागृह, वह्या काढून बसलेले श्रोते, शेवटी नेमके दोन प्रश्न, आणि पुराव्याशिवाय एक वाक्य नाही. इथे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साडेपाचला मंडळाचं व्याख्यान असतं. पहिल्यांदा गेले तेव्हा साडेपाचला नऊ माणसं होती. साडेसहाला सत्तर!

कारण पावणेसातला 'चव' असते. ज्या पदार्थावर व्याख्यान, तो पदार्थ सगळ्यांना वाटीभर.

ही मालिका सुलभाताई चालवतात. निवृत्त मुख्याध्यापिका, वय चौऱ्याहत्तर. त्या दिवशीच त्यांनी मला गाठलं. "माझे गुडघे गेले. तू घेतेस का चालवायला? नाहीतर येत्या मार्चला बंद करते."

मी म्हटलं, "ताई, लोक ऐकायला यायला लागले तर घेते. वाटी घ्यायला येणाऱ्यांसाठी नाही." किती शहाणी होते मी!

"बरं," ताई म्हणाल्या. "मार्चपर्यंत बघ."

*

पहिली सुधारणा मीच सुचवली. चव आधी, व्याख्यान नंतर. म्हणजे लोक वेळेवर येतील.

आले. सगळे आले! विषय पुरणपोळी होता. साडेपाचला तुपासकट पोळ्या वाटल्या, सहाला वक्त्यांनी सुरुवात केली आणि सव्वासहाला दुसऱ्या रांगेतून घोरणं ऐकू यायला लागलं. ते जोशीकाका होते. बँकेतून निवृत्त, एकही व्याख्यान न चुकवणारे.

शेवटी मी जरा चिडूनच विचारलं, "काका, झोप झाली का?"

"झोपलो नव्हतो गं," काका शांतपणे म्हणाले. "विषय पचवत होतो!"

पुढच्या महिन्यापासून चव पुन्हा पावणेसातला.

*

पुण्याहून आलेल्या एका बाईंनी सांगितलं की बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोही तिकडचाच.

पंचवटीतल्या एका काकू ताडकन उठल्या. त्यांच्या घरी यात्रेकरूंची पूजा सांगतात, घरात महिन्यातून चार-पाच उपास. "म्हणजे माझे चाळीस वर्षांचे उपास फुकट?"

वक्त्या गोंधळल्या. मी पुस्तकातला संदर्भ शोधायला लागले. तेवढ्यात काकूंच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "खाली बस गं. देवाला उपास पोचतो, बटाट्याचा पत्ता पोचत नाही!"

पुढच्या एकादशीला काकूंनी मला घरी फराळाला बोलावलं. म्हणाल्या, "ये, फॉरेनचं काहीतरी केलंय." साबुदाण्याची खिचडी होती.

*

आमच्याकडे प्रश्नोत्तरात प्रश्न नसतात. माणूस उभा राहतो आणि म्हणतो, "प्रश्न नाही, थोडं सांगायचं होतं." मग सिन्नरच्या आत्या, त्यांचं लग्न, लग्नातली पंगत, पंगतीतली भांडणं...

मी नियम काढला. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आणि प्रश्नच असला पाहिजे.

पहिलीच चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचली. "आमच्या सिन्नरच्या आत्या गुळवणीत जायफळ घालायच्या, ते फार छान लागायचं, हे आपणांस ठाऊक आहे काय?"

एकूण अकरा चिठ्ठ्या आल्या. अकराही आत्याच! सुलभाताई कानात म्हणाल्या, "मी बत्तीस वर्षं पेपर तपासलेत. माणसं सुधारत नाहीत, फक्त फॉरमॅट बदलतात."

*

कांद्याच्या व्याख्यानाला लासलगावचे एक व्यापारी आले होते. वक्त्या प्राध्यापक. टेबलावर त्यांनी एक सुंदर, गुलाबी, टपोरा कांदा मांडून ठेवला होता. तासभर त्या जुन्या ग्रंथांतल्या कांद्याबद्दल बोलल्या. व्यापाऱ्यांची नजर टेबलावरून हलली नाही.

शेवटी ते पुढे आले, कांदा उचलला, मानेपाशी अंगठ्यानं दाबला, वास घेतला.

"मॅडम, लय भारी बोलल्या तुम्ही. इतिहास टिकंल तुमचा. कांदा नाय टिकायचा, आठ दिवसांत जाईल."

त्या कांदा पर्समध्ये घालून घेऊन गेल्या. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. "त्या गृहस्थांचा नंबर आहे का गं?"

*

मार्चमधलं व्याख्यान माझं होतं. विषय नागली, म्हणजे नाचणी. मालिकेचा निकालही त्याच दिवशी लागायचा होता.

मी महिनाभर खपले. चवीसाठी नागलीच्या भाकऱ्या करायला यमुनाबाई आल्या होत्या. त्या पेठकडच्या पाड्यावरच्या. हंगामात गिरणारेला द्राक्षबागेत कामाला येतात. भाकऱ्या टोपलीत झाकून त्या मागच्या खुर्चीवर बसल्या.

माझी पहिली स्लाइड म्हणजे पावसाळ्यात पेठच्या रस्त्यावर जीप थांबवून मी काढलेला फोटो. उतारावरचं हिरवंगार शेत, अजून कणीस न धरलेलं. तोच फोटो पत्रिकेवर, तोच बाहेरच्या फलकावर. सत्तर माणसं तो फोटो बघत माझं ऐकत होती. मी रंगात आले होते. "हे नुसतं धान्य नाही, ही डोंगराची स्मृती आहे," वगैरे.

प्रश्नोत्तराला मागून हात वर आला.

"ताई, ती नागली नाय. वरई हाय."

सगळ्या माना यमुनाबाईंच्या खुर्चीकडे वळल्या.

मी म्हटलं, "मावशी, कणीस नसताना नुसत्या फोटोवरून कसं सांगणार?"

"शेत आमचंच हाय ना. बांधावर ती बारीक दिसती ती माझी सासू."

सत्तर माणसं पडद्याकडे वाकली. बांधावर खरंच कुणीतरी होतं. मी सहा महिने त्याला झुडूप समजत होते!

जोशीकाका उठले. "बाई, मग रोप लहान असताना ओळखायचं कसं?"

"दांडा हातात धरायचा. नागलीचा चपटा, वरईचा गोल. आंधळ्याला पण कळंल."

मग एक प्रश्न, दुसरा, तिसरा. रोपं कधी लावता? आधी जमीन का भाजता? उंदीर लागतात का? खरे प्रश्न! एकाही आत्याचं नाव निघालं नाही. पावणेसात झाले. सुलभाताई टोपलीकडे निघाल्या, तर पंचवटीच्या काकू ओरडल्या, "ताई, बसा हो! त्या सांगतायत ना!"

भाकऱ्या सव्वासातला गार खाल्ल्या सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभाताईंना फोन केला. "मालिका मी घेते."

"पुढचा वक्ता कोण?"

"सांगते," म्हटलं आणि यमुनाबाईंना फोन लावला. त्या बागेत होत्या, मागे बायकांचा हसण्याचा आवाज. मी विचारलं, पुढच्या महिन्यात बोलाल का?

"बोलंन."

"फलकावर विषय काय लिहू?"

"ते तू ठरव," यमुनाबाई म्हणाल्या. "फोटू मी पाठवते. तू नको जाऊ शेतात!"