आठ पदरी दोरीची रिकामी ओळ

हा ब्लॉग माझा नाही. माझे पती मुकुंद इथे गळाच्या मासेमारीबद्दल लिहायचे. डिसेंबरमध्ये ते गेले. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना हे असं कळवावं लागतंय, त्याबद्दल क्षमा असावी.

त्यांच्या शेवटच्या लेखाखाली अजून प्रश्न येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: चार पदरी आणि आठ पदरी ब्रेडच्या तुलनेचं काय झालं? ब्रेड म्हणजे बारीक धाग्यांची वेणी घालून केलेली दोरी. साध्या तंगुसासारखी, म्हणजे एकेरी नायलॉन दोरीसारखी, ती ताणत नाही, म्हणून मासा लागलेला लगेच हाताला कळतो. दोन सारख्या रिळांवर दोन दोऱ्या घेऊन पावसाळा संपल्यापासून मार्चपर्यंत वापरायच्या आणि मग निकाल लिहायचा, असं मुकुंदांनी कबूल केलं होतं. नोव्हेंबरनंतर त्यांना जाता आलं नाही.

त्यांची वही माझ्याकडे आहे. मी तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निरीक्षणाच्या वहीत रिकामी जागा सोडू नये, हे मी मुलांना हजारदा सांगितलं असेल. मुकुंदांच्या वहीत शेवटच्या फेरीची आठ पदरीची ओळ रिकामी होती. तारीख होती, पुढे काहीच नव्हतं. चार पदरीची ओळ मात्र पूर्ण भरलेली. मला वाटलं, थकले असतील. ती ओळ भरायची आणि वाचकांना निकाल द्यायचा, म्हणून मार्चच्या पहिल्या रविवारी मी आणि मुलगी मुग्धा वैतरणा धरणाला निघालो.

साडेपाचला नाशिक सोडलं. गाडी मुग्धा चालवत होती. त्र्यंबक रस्त्याला सकाळी गर्दी नसते, पण सोमवारी आणि सुट्ट्यांना जाणार असाल तर पाचच्या आत निघा. अंजनेरीच्या अलीकडे एका टपरीवर पोहे आणि चहा घेतला. त्यापुढे नाश्त्याचं नक्की काही नाही, तेव्हा इथेच खाऊन घ्यावं.

"आई, तुला गळाला गांडूळ लावता येतं का?" मुग्धाने विचारलं.

"नाही. आपण रबरी बेडूक लावणार आहोत."

"म्हणजे आपण बेडूक घेऊन मासा फसवायला चाललोय, आणि आपल्याला दोघींनाही काही येत नाही."

"मोजता येतं," मी म्हटलं.

त्र्यंबकच्या पुढे पहिने गाव सोडलं की रस्ता अरुंद होतो. खड्डे आहेत, पण लहान गाडी सहज जाते. पळस फुलला होता. पेट्रोल त्र्यंबकलाच भरून घ्या. धरणाजवळ गेलं की फोनला रेंज येते-जाते. आणि पाण्यावर मासेमारीचा हक्क ज्यांच्याकडे आहे, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. मुकुंद हे प्रत्येक लेखात लिहायचे, म्हणून मीही लिहिते.

आमच्यासाठी ती विचारपूस देवराम भाऊ करतात. पाण्याला लागूनच त्यांचं घर आहे, मासेमारी आणि थोडी नागली-भाताची शेती. मुकुंद पंधरा वर्षं त्यांच्याकडे जात होते. मी कधीच गेले नव्हते. मला हा छंद आवडत नसे. घरात मासळीचा वास, रविवार रिकामा, आणि कपाटाचा एक खण कायमचा अडलेला. त्या खणाला मी सव्वीस वर्षं हात लावला नाही. गेल्या सप्टेंबरमध्ये औषधांमुळे मुकुंदांची बोटं थरथरायला लागली, तेव्हा आठ पदरीची नवी दोरी रिळावर मी गुंडाळून दिली. त्यांच्या सामानातलं मी केलेलं ते पहिलं आणि शेवटचं काम.

देवराम भाऊ गाडीपाशी आले. मागचं दार उघडून त्यांनी आत पाहिलं.

"सर नाय आले?"

मुग्धा माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं.  देवराम भाऊंनी आमच्या गळाच्या काठ्या स्वतःच बाहेर काढल्या.

"मला कोणी सांगितलंच नाय, वहिनी," ते म्हणाले. "मी आपला तुमच्या वाटेकडं डोळे लावून. म्हटलं, सर रागावले का काय."

चूक माझीच होती. मुकुंदांच्या फोनमधले सगळे नंबर मी बघितले नव्हते.

मार्चमध्ये पाणी मागे सरलेलं असतं. काठाला काळे दगड आणि जुन्या झाडांची खुंटं उघडी पडतात. मरळ मासा अशाच ठिकाणी दबून बसतो आणि दोरी घासून तुटते तीही इथेच. मुकुंदांचा नियम होता, दोन्ही दोऱ्यांनी पन्नास-पन्नास फेकी. मी काठावर वही घेऊन बसले आणि मुग्धा फेकायला लागली.

चार पदरी हाताला खरखरीत लागते. काठीच्या कड्यांतून जाताना सूं असा आवाज करते. आठ पदरी गोल आणि गुळगुळीत, आवाज जवळजवळ नाही, आणि आमच्या पावलांनी मोजलं तर ती पाच-सहा पावलं लांब जाते. हे मुकुंदांच्या नोंदींशी जुळत होतं.

आठ पदरीच्या तेराव्या फेकीला गळ खुंटात अडकला. मुग्धाने दोरी हाताला गुंडाळून ओढायला सुरुवात केली, तसे देवराम भाऊ ओरडले.

"ए पोरी, सोड. बोट कापून हातात येईल. ही दोरी हाय का सुरी. काडीला गुंडाळ आन् मग ओढ."

तिने ती सोडली आणि काठीनेच ओढून पाहिलं. रिळाची मूठ धरून ठेवलेली असताना दोरी सुटत राहिली. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, तिने शेवटपर्यंत आवळला. तरीही तसंच.

"रीळ बिघडलंय," मुग्धा म्हणाली.

देवराम भाऊंनी जवळ येऊन पाहिलं. "हे अजून तसंच हाय व्हय?"

"अजून म्हणजे?" मी विचारलं.

 त्यांनी मला रिळाच्या चकरीवर बोट ठेवायला सांगितलं आणि दोरी ओढली. चकरी जागेवर होती. तिच्यावरचं दोरीचं सगळं भेंडोळं मात्र फिरत होतं. ब्रेड इतकी गुळगुळीत असते की ती धातूला धरत नाही. म्हणून आधी चकरीवर थोडं तंगूस बांधायचं आणि त्याला ब्रेडची गाठ मारायची. मी ब्रेड सरळ धातूवरच बांधली होती. शिवणयंत्राची बॉबिन भरतात तशी.

"सरांना माहीत होतं का?" मी विचारलं.

"सर शेवटचे आले, त्या दिवशी लय मोठा मरळ लागला व्हता, वहिनी. हा एवढा. दोरी सुटत गेली, मासा खुंटात शिरला आन् गेला. सरांनी बोटानं दाबून बघितलं, तवा कळलं त्यांना. मी म्हटलं, कुणी गुंडाळलं हे, त्याला जोड्यानं हाणा. तर हसायला लागले."

"आणि?"

"म्हणले, देवराम, घरी बोलू नको. आता कुठं तिनं माझ्या सामानाला हात लावलाय. कळलं तर परत नाय लावायची."

मुग्धा पाण्याकडे वळली. मी वहीतलं ते पान उघडलं. चार पदरीच्या ओळीत त्या दिवशीचं सगळं होतं: फेकी, घासलेले धागे, गाठीचा जोर. खालची ओळ रिकामी. थकव्याने राहिली असती तर दोन्ही राहिल्या असत्या, हे मला आधी सुचायला हवं होतं. दोरी धरत नाही असं लिहिलं तर दोरीवर अन्याय, आणि खरं कारण लिहिलं तर वही मीच वाचणार.

देवराम भाऊंनी होडी घालून गळ सोडवून आणला. मग आम्ही सगळी आठ पदरी उतरवली. भाऊंनी एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत ती फिरवून ठेवली. त्यांनी घरातलं तंगूस दिलं, गाठ दाखवली आणि गुंडाळायला बसले, तेव्हा मी रीळ त्यांच्या हातातून घेतलं.

"ओल्या फडक्यातून जाऊ द्या, घट्ट बसंल," ते म्हणाले. "घाई नको. सर लय घाई करायचे."

अर्धा तास लागला. त्यानंतर मुग्धाने काठी वाकेपर्यंत ओढून पाहिलं. दोरी हलली नाही.

दुपारी देवराम भाऊंच्या घरी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी खाल्ली. त्यांनी पैसे घेतले नाहीत; तुम्ही जाल तेव्हा जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि आधीच ठरवून द्या. संध्याकाळपर्यंत राहिलेल्या फेकी पूर्ण केल्या. मासा एकही लागला नाही. मुग्धा म्हणाली, रबरी बेडूक इथल्या माशांच्या ओळखीचा झालाय.

आठच्या सुमाराला घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी गच्चीत उरलेली चाचणी केली. दोन्ही दोऱ्यांचा वापरलेला तुकडा वैतरणेहून आणलेल्या दगडावर घासला, आणि गाठी बॅगा मोजायच्या काट्याला लावून तुटेपर्यंत ओढल्या. निकाल असा: खडक आणि खुंटं असतील तिथे चार पदरी घ्या. ती जास्त घासणं सोसते. मोकळ्या पाण्यात लांब फेकायचं असेल तर आठ पदरी. तिचा रंग लवकर उतरतो, पण त्याने ताकद कमी झालेली मला दिसली नाही. ओल्या गाठीला दोन्हींत फारसा फरक नाही. दोन्हींखाली तंगूस बांधायला विसरू नका.

नोव्हेंबरच्या फेरीत आठ पदरीवरून एक मोठा मरळ सुटून गेला. त्यात दोरीचा दोष नव्हता. ती मी गुंडाळली होती.

त्या दिवशीची ओळ मी भरलेली नाही. तिच्याखाली नवी तारीख घालून परवाच्या नोंदी लिहिल्या आहेत. कपाटाचा तो खण आवरला, पण रिकामा केला नाही. तिथे अजून एक रीळ आहे, दोरी न लावलेलं. शनिवारी बाजारातून तंगूस आणणार आहे.