विचारल्याशिवाय काढू नये

नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात मी सर्व्हर सांभाळते. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात आमची चौदा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने उभे केलेले कॉम्प्युटर, चालतात. हजेरीचं एक, स्टोअरचं एक, मेंटेनन्सचं एक, असं. कुठल्याही मशीनमध्ये बदल करायचा असला की आधी त्याचा स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे ते त्या घटकेला जसं आहे तसं धरून ठेवायचं. बदल फसला तर मागे येता येतं. काम झालं की दोन-तीन दिवसांत तो काढून टाकायचा, नाहीतर पुढचे सगळे बदल वेगळ्या फाइलीत साठत जातात आणि ती फाइल डिस्क खात सुटते. काढायचं मात्र सगळेच विसरतात. मीही विसरायचे.

म्हणून नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. रोज सकाळी तिने सगळी मशीन तपासायची आणि तीन दिवसांहून जुन्या स्नॅपशॉटची यादी मला मेल करायची. पहिला मेल मी इंदिरानगरात, घरीच चहा घेताना उघडला. यादीत पाच नोंदी होत्या. चार माझ्याच. पाचवी मेंटेनन्सच्या मशीनची, चार वर्षांपूर्वीची. मला वाटलं, तारीख काढताना स्क्रिप्ट चुकली. ऑफिसात जाऊन पाहिलं तर तारीख बरोबर होती आणि खाली शेरा होता: ‘मला विचारल्याशिवाय काढू नये.’

हा ‘मला’ कोण, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. साहेबांना विचारलं, तेव्हा कळलं की पूर्वी माझ्या जागेवर एक गृहस्थ होते. तब्येतीमुळे त्यांना अचानक नोकरी सोडावी लागली, आता ते इगतपुरीला असतात. मधली वर्षं बाहेरच्या एजन्सीने काम पाहिलं. चार वर्षांत कुणाला लागला नाही तर काढून टाका, असं साहेब म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं, डिस्क भरत आली होती. तरी माझा हात होईना. एवढं स्पष्ट लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या मनात काय होतं, ते मला कळून घ्यायचं होतं. त्यांचा नंबर मिळवून जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी स्नॅपशॉटची तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाले, “तो अजून आहे?”

फोनवर नीट सांगता येणार नाही, एकदा या, असं त्यांनी सुचवलं. त्या रविवारी नाशिक रोडहून गाडी पकडून मी गेले. त्यांच्या पत्नीने पोहे केले होते. खाता खाता त्यांनी हकिकत सांगितली.

मेंटेनन्सला एक फोरमन होते. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राबद्दल ते कॉम्प्युटरवर मराठीत टिपणं लिहीत, पण जुन्या फाँटमध्ये. सॉफ्टवेअर बदललं आणि दुसऱ्या दिवशी त्या टिपणांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली. बदलाआधीचा स्नॅपशॉट या गृहस्थांकडे होता. त्यातून टिपणं काढून घ्यायची म्हणून त्यांनी शेरा लिहून ठेवला. त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत दुखलं, बायपास झाली.

“मी पुन्हा त्या खुर्चीवर बसलोच नाही,” ते म्हणाले. “वाटलं, कुणीतरी केलं असेल.”

सोमवारी मी त्या स्नॅपशॉटवरून एक वेगळं मशीन उभं केलं, नेटवर्कला न जोडता. जुना फाँट तिथे होताच. पहिलंच टिपण असं होतं: ‘हा पंप लय तापतो. बंद करू नये, आधी वरची जाळी साफ करावी.’ दुसऱ्यात एका बेअरिंगबद्दल लिहिलं होतं, ‘पावसाळ्यात कण्हतं, घाबरायचं कारण नाय.’ अशी तीनशेच्या वर टिपणं. मी कामं सोडून वाचत बसले. मग फाँट बदलून घेतला, प्रिंट काढल्या आणि मेंटेनन्सला नेऊन दिल्या. तिथल्या मेकॅनिकने उभ्याउभ्याच चार पानं वाचली आणि कॉम्प्रेसरचं पान कुठे आहे, एवढंच विचारलं.

शनिवारी दुपारी स्नॅपशॉट काढला. चार वर्षांचे बदल मूळ डिस्कमध्ये मिसळायला पाच तास लागले. मी समोरून हलले नाही.

झाल्याचं कळवायला त्यांना फोन केला, तेव्हा त्यांना स्क्रिप्टचीच जास्त उत्सुकता होती. साहेबांना विचारून ती पाठवली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

“चांगली लिहिली आहे तुम्ही,” ते म्हणाले, “पण बंद असलेल्या मशीनना ती विचारतच नाही.”

खरंच विचारत नव्हती. एक ओळ बदलली. दुसऱ्या सकाळच्या मेलमध्ये आणखी दोन जुने स्नॅपशॉट निघाले, शेऱ्याविना. हे कशाचे, म्हणून त्यांना विचारलं. खूप आठवून पाहिलं त्यांनी, पण काही आठवेना.