व्हॉल्व्हच्या पिशव्या

गोदीत त्यांना सगळे फिटरकाका म्हणत. पाणबुडी दुरुस्तीला आली की तिच्या पोटातले शेकडो व्हॉल्व्ह उघडून वर्कशॉपमध्ये आणायचे, साफ करून, तपासून पुन्हा जिथल्या तिथे बसवायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. काम त्यांच्या हातचा मळ होता. नाकी नऊ यायचे ते शोधाशोधीत. व्हॉल्व्ह एका ढिगात, त्याचे बोल्ट भलतीकडेच आणि नंबराची चिठ्ठी तेलात भिजून वाचेनाशी झालेली. अर्धा दिवस हुडकण्यातच जायचा.

एके वर्षी काकूंना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला. जन्मभर शिवणकाम केलेली ती बाई मशीनवर चादर टाकून खिडकीशी बसू लागली. काका काहीही बोलले तरी उत्तर एकच, ‘‘हं.’’

एका संध्याकाळी काकांनी जाड कापडाचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला.

‘‘पिशव्या हव्यात. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या बोल्टांसकट एका पिशवीत. पाणबुडीच्या पुढच्या भागाच्या लाल, मधल्या पिवळ्या, मागच्या निळ्या. आणि नंबर दोऱ्याने शिवायचा, म्हणजे पुसला जायला नको.’’

‘‘थट्टा करताय माझी?’’

‘‘दुसरं कोण शिवणार? शिंप्याला समजावेपर्यंत पाणबुडी गंजून जाईल!’’

कितीतरी महिन्यांनी काकू खुदकन हसल्या.

डाव्या हाताने घातलेली पहिली टीप पार वेडीवाकडी गेली. त्यांनी ती उसवली. पुन्हा घातली, पुन्हा उसवली. काका समोर बसून कापड ताणून धरायचे आणि चुकीच्या बाजूला ओढलं म्हणून बोलणी खायचे. आठवड्याभरात टिपा सरळ आल्या.

‘‘काय काका, बाजाराला निघालात?’’ पिशव्या बघून इंजिनिअरसाहेब म्हणाले. काकांनी कानाआड केलं. बसवायच्या क्रमाने त्यांनी पिशव्या वर्कशॉपच्या भिंतीवरच्या आकड्यांना टांगल्या. जिची पाळी, ती पिशवी काढायची आणि थेट पाणबुडीत न्यायची. एक बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही. व्हॉल्व्हचं काम ठरल्यापेक्षा बारा दिवस आधी संपलं, आणि दाबाच्या चाचणीत पाण्याचा थेंबही गळला नाही.

मग साहेब स्वतः घरी आले. ‘‘काकू, पुढच्या पाणबुडीला चारशे पिशव्या लागतील.’’

‘‘दोन बायका द्या हाताखाली,’’ काकू म्हणाल्या. ‘‘शिकवते त्यांना. आणि कापड जरा बरं आणा, हे मेलं सुया मोडतंय.’’

साहेबांसाठी पाणी आणतो म्हणून काका आत गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.