दोन भांडी, एकच पाऊस

पावसाबरोबर हवेतलं काय काय खाली येतं ते तपासायला मी गच्चीवर नरसाळं लावलेली बाटली ठेवते. समोरच कारखान्यांची रांग आहे. काल पाहिलं, तर बाटलीला खेटून शेजारच्या मालूकाकूंचं पातेलं पाऊस झेलत होतं. "बोअरच्या पाण्यात डाळ मेली शिजतच नाही," त्या म्हणाल्या, "पावसाच्या पाण्यात बघ, कशी लोण्यासारखी होते!"

आज बाटलीतलं पाणी गाळलं, तर पांढरा गाळणकागद काळा झाला. त्याच्याकडे बघत बसले. पाऊस काही भांडं बघून पडत नाही. माझ्या बाटलीत पडला की नमुना, काकूंच्या पातेल्यात पडला की वरण. त्यांना सांगायचं कसं?

तेवढ्यात काकूच वाटी घेऊन आल्या. "गरम आहे तोवर खा गं."

वाटी घेतली, पण हात तोंडाकडे जाईना. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कागदाकडे.

"हे कालच्या पावसातलं?"

मी मान हलवली.

"अगं बाई, नातू जेवायला बसलाय!" म्हणत त्या अनवाणीच धावल्या.

माझ्या हातातल्या वाटीत तूप अजून वितळत होतं.