भाव का चढला

कारखान्यात सगळे त्याला लेथमास्तर म्हणत. सत्तावीस वर्षं त्याने पंपाचे दांडे कातले. मग मालकी बदलली आणि नव्या मालकांनी कारखान्याला टाळं ठोकलं. तोटा नव्हता, ऑर्डरीही हातात होत्या. उलट टाळं लागलं त्याच दिवशी कंपनीचा शेअर चढला. ही गोष्ट मास्तरच्या डोक्यातून जाईना. कुठेतरी चूक झाली असणार, ती दाखवून दिली की कारखाना उघडावाच लागेल, असं त्याने मनाशी धरलं.

कंपनी पैसे देऊन राजीनामे लिहून घेत होती. सोबतच्या सहा कामगारांना त्याने सांगितलं, राजीनाम्यावर सह्या करू नका, मी शोधून काढतो. आणि त्रेपन्नाव्या वर्षी विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. बायको लॉन्ड्रीत इस्त्री करायची. ती म्हणाली, "बुडत्याला काडीचा आधार. पण काडी तरी बघून धरा."

वर्गात पोरं त्याला काका म्हणत. आलेख त्याला पटकन जमले, हात मोजमापाला सरावलेला होता. शब्दांनी मात्र घाम फोडला. एकेक पान तो तीन-तीनदा वाचायचा.

चार महिन्यांनी शेअर बाजाराचा धडा आला. भाव म्हणजे पुढच्या नफ्याचा आजचा अंदाज, असं बाईंनी समजावलं. मास्तरने उभं राहून आपल्या कारखान्याचं विचारलं. बाईंनी फळ्यावर मांडून दाखवलं: पंप दुसरीकडे स्वस्तात होणार, पगार वाचणार, जागा विकली जाणार.

"म्हणजे चूक नाही?"

"गणितात नाही, काका."

तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी तो बाकावरच बसून होता.

दुसऱ्या दिवशी बंद फाटकासमोर त्याने सहाही जणांना खरं ते सांगितलं. मुदतीत सही करणाऱ्यांना जादा पैसे मिळायचे होते, ती मुदत टळून गेली होती. कुणी शिवी दिली नाही. त्याच्यासोबतच कामाला लागलेला वेल्डर तेवढा बोलला.

"आता तुला सगळं कळतं ना? मग सांग, आम्ही काय करायचं?"

पुस्तकात उत्तर होतं. कामगार दुसऱ्या धंद्याकडे वळतात. ते त्याच्या तोंडून निघेना.

पाच जणांनी मिळेल त्यावर सह्या केल्या. वेल्डरने केली नाही, तो घराबाहेरच पडेनासा झाला. मास्तर परीक्षेला बसला, पासही झाला. बायकोने गुणपत्रिका कपाटात ठेवली आणि पुढच्या वर्षाचं काही विचारलं नाही.

वेल्डरकडे तो अजून जातो. वहिनी दार उघडतात, पाणी देतात, आणि हे झोपलेत म्हणून सांगतात.